नऊ कोस नंदुरबार

नवापूर स्टेशनातल्या त्या प्रसिद्ध बाकावर बसा. अर्धा बाक महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत. फोटो काढून झाला असेल तर मोबाइल पिशवीत टाका, मनगटावरचं घड्याळही टाका आणि पिशवी तिथेच राहू द्या. चपला चालतील. बूट नकोत, पोरं मागे लागतील. भुसावळकडे जाणारी गाडी शिटी देतेय, देतेय... गेली. रूळ गेले, फलाट गेला आणि बुडाखालचा बाकही गेला. आपटलात ना? उठा, धूळ झटका. घोट्यापर्यंत रुतते अशी मऊ धूळ आहे. इथून पुढे ती तुमच्या दातांत कचकचणार आहे, तेव्हा आत्तापासून सवय करा.

साल 1667, फाल्गुन नुकता लागलेला. दिल्लीदरबारी काय शिजतंय आणि दक्षिणेत कोण कोणावर चालून गेलंय, ही चौकशी आपण करायची नाही. वाटेत भेटेल तो न विचारताच सांगेल. आपल्याला नंदुरबार बघायचंय. हल्ली या जिल्ह्याचं नाव घेतलं की पुण्या-मुंबईचा माणूस नकाशाच्या वरच्या कोपऱ्यात बोट फिरवत बसतो. पण तुम्ही ज्या धुळीत उभे आहात ती कोपऱ्यातली नाही. सुरतेच्या बंदरात उतरलेला माल बुऱ्हाणपूरला आणि तिथून आग्र्याला जातो तो याच वाटेने. इराणचा व्यापारी, आर्मेनियन सावकार, फ्रेंच जवाहिऱ्या, मक्केहून परतलेला हाजी, सगळे इथूनच जातात. पायात काटा मोडला तर इथेच बसून काढतात.

वास येतोय? आंबूस, शिळ्या पेजेसारखा. ती खळ आहे. नवापूर विणकरांचं गाव. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सुताचा ताणा लावलाय आणि दोघं जण दोन्ही अंगांनी कुंचा फिरवत त्याला खळ देतायत. वाकून जा. तुमच्या धक्क्याने दहा धागे तुटले तर जे ऐकावं लागेल त्याला दुभाषा लागणार नाही. घराघरांतून फणीचा धप्प-धप्प आवाज येतोय. विणकर जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसलेत. डावा हात धोटा फेकतो, उजवा झेलतो, फणी आपटते, मग उजवा फेकतो. गावात बोलणं ऐकू यायचं असेल तर या आवाजाच्या वरताण बोलावं लागतं, म्हणून नवापुरात कुणीही हळू बोलत नाही. समोरून येणारा माणूस तुमच्या तोंडाजवळ तोंड आणून ओरडतो, "कथा जाई ऱ्हायना, भाऊ?" नंदुरबार, एवढंच सांगा. जास्त बोललात तर तो तुमच्या बोलीवरून गाव ओळखायला बसेल आणि ते गाव त्याला सापडणार नाही.

निघण्याआधी तांदूळ घ्या. रंगावलीच्या पाण्यावर पोसलेला हा तांदूळ म्हणजे नवापूरची खरी मिरवायची चीज. ताव्हेर्निये नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या या वाटेने गेला. हिऱ्यामोत्यांची पारख करणारा माणूस, पण इथे येऊन त्याची नजर अडकली ती भातावर. दाणा नेहमीच्या तांदळाच्या निम्मा, शिजला की बर्फाहून पांढरा आणि वास कस्तुरीचा, असं तो लिहितो. इराणात कुणाला खूश करायचं तर या तांदळाचं एक पोतं न्यावं, हा सल्लाही देतो. हिंदुस्थानातले सगळे उमराव म्हणे हाच भात खातात. पिकवणाऱ्याच्या ताटात काय असतं ते मात्र त्याने लिहिलेलं नाही. त्या कुडाच्या घरात डोकावा: नागलीची भाकरी, उडदाची पातळ डाळ. तुम्ही आपली शेरभर कस्तुरी तांदळाची पुरचुंडी बांधून घ्या आणि ती कमरेला नीट खोचा.

आता वाहन. सुरतेहून आग्र्यापर्यंत बैलांच्या रथाचं भाडं चाळीस-पंचेचाळीस रुपये आणि प्रवास 35 ते 40 दिवसांचा. तुम्हाला इतक्या लांब जायचं नाही आणि कनवटीला इतकं आहे असंही दिसत नाही. तेव्हा बैलावर बसायचं. हसू नका, लोक बसतात. खोगीर आहे, नाकातून ओवलेली वेसण हाच लगाम, आणि चांगला बैल घोड्यासारखा दुडक्या चालीने चालतो. फक्त एक गोष्ट बघून घ्यायची, शिंगं. हातभर लांब शिंगांचा बैल कितीही देखणा असला तरी तो दुसऱ्याला द्या. माशी चावली की बैल मान मागे झटकतो आणि शिंग तुमच्या पोटात. असे प्रकार झालेत, असं ताव्हेर्निये बजावतो. वीतभर शिंगांचा, जरा भुरकट रंगाचा मिळाला तर घ्या. तुमचा बैल रात्री तुमच्यापेक्षा चांगलं जेवणार आहे: भिजवलेले भरडलेले हरभरे, आणि वर कणीक, तूप आणि गूळ मळून केलेले गोळे.

सोबतीला राखणदार लागतील. महिना चार रुपयांवर मिळतात, निम्मे तीरकामठेवाले, निम्मे बंदूकवाले. बंदूकवाला तुम्हाला बरा वाटेल, पण त्याची तोड्याची बंदूक पेटेपर्यंत तीरकामठेवाला चार बाण सोडून मोकळा होतो. नवापूरच्या अलीकडे जो जंगलपट्टा लागतो तो फार बदनाम होता. तांडा लुटला गेला नाही असं क्वचितच व्हायचं. शहाजहानच्या मुलीने, बेगमसाहेबाने तिथे सराई बांधली, तेव्हा मजल आटोक्यात आली. नवापूरच्या पुढेही झाडी आहेच. साग पानं गाळून उभा, पळस भर उन्हात पेटलेला, आणि पायाखाली वाळलेल्या पानांचा एवढा कुरकुराट की मागून कुणी येतंय का ते कळणार नाही. म्हणून सगळे मोठमोठ्याने गप्पा मारत चालतात. गप्पांचा विषय एकच, सुरतेची लूट. तीन वर्षं झाली, पण सांगणाऱ्याच्या तोंडी ती काल रात्रीची आहे. आणि प्रत्येकाचा कुणीतरी मेहुणा त्यातून थोडक्यात वाचलेला आहे.

नवापूर ते नंदुरबार नऊ कोस, असं ताव्हेर्नियेने लिहून ठेवलंय. कोस कुणाचा आणि कुठला ते त्यालाच ठाऊक. तुमच्या मांड्यांना विचाराल तर त्या दुप्पट सांगतील.

आणि मग थांबावं लागतं. समोरून मिठाचा तांडा येतोय.

आधी कुत्री दिसतात, मग धूळ, मग घुंगरमाळांचा आवाज. आणि त्यानंतर किती वेळ बैलांशिवाय काही दिसतच नाही. दोन्ही अंगांना गोणी लादलेले बैल, एकामागे एक, दोन-दोन, तीन-तीन. बंजाऱ्यांच्या एकेका तांड्यात दहा-बारा हजार बैल असतात आणि वाट जेमतेम एका गाडीची. समोरासमोर आलात तर बाजूला होऊन उभं राहायचं. कधी दोन-दोन, तीन-तीन दिवस! त्यांच्यात चार जाती आणि चौघींचा माल ठरलेला: एक धान्याची, एक तांदळाची, एक डाळींची, एक मिठाची. बादशहाचं लष्कर असो की दुष्काळातलं गाव, दाणा पोहोचवणारे हेच. तुमच्या अंगावर उष्ण शेणाची, घामाची आणि ओल्या गोणपाटाची एक लाट येते. नाक दाबू नका, बायका हसतात. दंडापासून मनगटापर्यंत गोंदलेली एक बाई बैलाच्या शेपटीला हात घालून त्याला सरळ करते. तिच्या पाठीवर मूल, डोक्यावर मडकी, आणि ती तुमच्याकडे बघते ती रस्त्यातला धोंडा बघावा तशी. तुमचा बैलही थांबून रवंथ करायला लागलेला आहे. ऊन डोक्यावर आलं. चामड्याच्या पखालीतलं पाणी प्या. चामड्याची चव लागतेच, ती जाणार नाही.

तांडा एकदाचा सरला की भादवड. विल्यम फिंच हा इंग्रज 1610 मध्ये इथून गेला. त्याने नोंदलेलं बादुर बहुधा हेच. गाव घाणेरडं आणि चोरांचं, असं तो लिहितो आणि त्याच दमात इथल्या मोहाच्या दारूची नोंद करतो. कढवल्याशिवाय ती मानवत नाही, असा त्याचा अनुभव. म्हणजे चोरांच्या गावात बसून गृहस्थाने ती दोन्ही तऱ्हांनी चाखली होती. यंदाची फुलं अजून गळायची आहेत, पण गेल्या सालची वाळवलेली फुलं मडक्यात भिजत पडलीत आणि त्यांचा गोडसर, डोक्यात चढणारा वास वेशीपासूनच येतो. द्रोण पुढे केला तर नाही म्हणू नका, पण एकच. पुढे बैलावर बसायचंय.

उन्हं कलली की झाडी विरळ होते आणि कबरी दिसायला लागतात. घाबरू नका, नंदुरबार आलं. त्या काळच्या शहराचं दर्शन असंच व्हायचं: आधी मेलेले भेटतात, मग हौशी, मग जिवंत. घुमटाच्या, बिनघुमटाच्या कितीतरी कबरी, त्यांच्यामध्ये बागा, बागांत बैठकीचे बंगले. मग गढी आणि एक चांगलं तळं. फिंचने हे सगळं एका ओळीत उरकलं. आपल्याला घाई नाही.

तळ्यावर उतरा. पाय पाण्यात सोडा. घोट्याभोवती पाणी तांबूस होतं, ती तुमची दिवसभराची धूळ. एका बाजूला बाया भांडी घासतायत, पलीकडे उंट पाणी पितोय. उंटाला घाई करता येत नाही, म्हणून उंटवाला तेवढ्यात हुक्का भरून घेतो. बागेतून कुणाच्या तरी सारंगीचा सूर लावल्याचा आवाज येतो, पण सूर काही लागत नाही. समोरची गढी विटांची आहे. अकबराच्या दरबारातल्या अबुल फजलने तिची नोंद केलेली आहे. गावातला म्हातारा तुम्हाला सांगेल की हे सगळं नंद गवळ्याने वसवलं, त्याच्या गाई या तळ्यावर यायच्या. माना डोलवा. गाई अजूनही येतायत.

नाक्यावर अडवतील. बादशहाने राहदारी माफ केल्याचा हुकूम काढलाय म्हणतात. नाक्यावरच्या शिपायाच्या कानावर तो अजून आलेला नाही. तो तुमच्या बैलाकडे बघतो, तुमच्याकडे बघतो, आणि बैलावरून आकडा ठरवतो. द्या आणि आत शिरा.

बाजारपेठ आता भरात आहे. हल्ली फाल्गुनात नंदुरबारला उतरलं की गावाबाहेरच्या मिरचीच्या पथाऱ्यांवरून येणारा खकाणा नाकात जातो आणि पहिली शिंक स्टेशनातच येते. इथे शिंक येणार नाही. धने, हिंग, ओली हळद, तळणीचं तूप, निळीच्या पिंपाचा कुजका दर्प, आणि पिंजाऱ्याच्या तातीतून उडालेला कापूस ओठांवर. टांग-टांग करत ती तात दिवसभर वाजते. द्राक्षं बघा: टोपलीत पळसाची पानं घालून त्यावर घोस ठेवलेत, आणि विकणारी बाई माशा हाकलते त्याच हाताने एक मणी तोडून तुमच्या तोंडात घालते. घ्या. आंबटगोड, बिया मोठ्या. नंदुरबारची द्राक्षं आणि खरबुजं नावाजलेली आहेत. खरबुजांना अजून अवकाश आहे. पहिलं फळ आलंय ते बागवानाने तांबड्या फडक्यावर एकटंच मांडून ठेवलंय आणि त्याची किंमत ऐकायला लोक थांबतात.

खरेदीआधी सराफ गाठा. त्याच्यासमोर मांडी घालून बसा, कारण हे लवकर होणारं काम नाही. तुमचा रुपया तो आधी दगडावर टाकतो. नाद ऐकतो. पुन्हा टाकतो. मग नख फिरवून कड बघतो, दाताखाली धरतो, आणि मग उजेडाकडे धरून त्यावरचं साल वाचतो. साल वाचलं की त्याचा चेहरा पडतो. चालू सालचा शिक्का असेल तर पुरा रुपया. जुना असेल तर तो हातोहात झिजला, त्याला बट्टा लागणार. तुम्ही म्हणाल, चांदी तर तीच आहे. तो म्हणेल, तुम्ही तरी जन्मलात तेवढे राहिलात का? तोंड देऊ नका, सराफाला उत्तर देऊन कुणाचा बट्टा कमी झालेला नाही. बट्टा कापून तो तांब्याचे पैसे मोजून देतो आणि पैशाखालच्या मोडीपोटी मूठभर बदाम. खाऊ नका! इराणातून येणारे हे बदाम कडूजहर असतात, म्हणूनच तर ते नाण्यासारखे चालतात; पोरं खाऊन टाकतील ही भीती नाही. एका पैशाला पस्तीस-चाळीस. गुजरातेत ते सर्रास चालतात, आणि हा सराफ तुमच्या अंगावरची सुरतेकडची धूळ बघून ते तुमच्या गळ्यात मारतोय.

कापडाच्या आळीत गर्दी आहे पण भावाचा आवाज नाही. दोन माणसं समोरासमोर बसलीत, दोघांचे हात एका रुमालाखाली, आणि चेहरे असे की जणू दोघंही दुसरीकडेच बघतायत. रुमालाखाली बोटं बोलतायत. पूर्ण पंजा धरला की हजार, एक बोट शंभर, मधल्या पेरापर्यंत धरलं तर पन्नास, नुसतं टोक धरलं तर दहा. ताव्हेर्नियेने ही रीत हिऱ्यांच्या खाणीवर पाहून लिहून ठेवली. आपल्याकडच्या बैलबाजारात ती जुन्या दलालांच्या बोटांत अजूनही आहे. या दोघांतला एक दलाल इंग्रजांसाठी माल बघतोय. गेल्याच साली, 1666 मध्ये, इंग्रजांनी इथे वखार घातली. वखारीच्या ओसरीवर त्यांचा एक गोरा बसलाय, मानेवर घामोळं, हातात वही. आजूबाजूला जमलेली पोरं त्याच्या केसांच्या रंगावरून पैजा लावतायत. तोही वहीत काहीतरी लिहितोय. कोण कुणाचं प्रेक्षणीय स्थळ आहे, ते आपण ठरवायला नको.

दिवेलागण झाली. सराईत जा. चौकोनी आवार, भिंतीला लागून ओळीने खोल्या, मधल्या अंगणात बैल, गाड्या, गवताच्या पेंढ्या, आणि शंभरेक चुलींचा धूर. डोळे चुरचुरतात. भटियारीण तुम्हाला खाट दाखवते. खाटेची सुंभं मधोमध इतकी सैल आहेत की आडवं पडल्यावर गुडघे हनुवटीला लागावेत. जेवायला खिचडी, आणि मधोमध ओतलेलं तूप. बरोबर वांग्याचं भरीत मागा, मिळेल. पण पहिल्याच घासाला तुम्ही इकडेतिकडे बघायला लागाल. काहीतरी राहिलंय. तिखट! खानदेशात बसून मिळमिळीत भरीत? मिरची समुद्रापलीकडून हिंदुस्थानात आलेली आहे, पण अबुल फजलने बादशाही मुदपाकखान्याच्या कृती लिहिल्या त्यांत मिरी सापडते, आलं सापडतं, मिरची नाही. या चुलीवरही झणका आहे तो मिऱ्याचा आणि लसणाचा. भटियारणीकडे ठेचा मागून बघायला हरकत नाही. ती तुम्हाला खलबत्ता आणून देईल.

झोप लागणार नाही. अंगणात कुणीतरी भजन म्हणतंय, कुणीतरी त्याला गप्प बसायला सांगतंय आणि दोघांवर गाढव ओरडतंय. शेजारच्या खाटेवरचा आर्मेनियन घोरतो. ढेकूण कुठल्या मुलखाचे ते सांगता येत नाही, भाडं मात्र त्यांच्यासह आहे. सराईचा दरवाजा संध्याकाळीच बंद झालाय आणि तो आता सकाळपर्यंत उघडणार नाही, तुम्हाला कितीही बाहेर जायचं असलं तरी.

पहाटे दरवान ओरडतो. आपापलं सामान बघा! थोड्या वेळाने पुन्हा. तिसऱ्यांदा ओरडेपर्यंत बैल जुंपून, पोरं गाडीत टाकून सगळे दरवाजाशी चेंगरलेले असतात. रीत अशी की कुणाची वस्तू हरवली असेल तर ती सापडेपर्यंत दरवाजा उघडायचा नाही. आणि हरवलेली असतेच. आज एका शेटजीचा लोटा गेलाय. दोनशे माणसं, त्याहून जास्त बैल, आणि एका लोट्यासाठी सगळे अडून. प्रत्येकाची गाठोडी सुटतात. कुणाच्या गाठोड्यातून तपकीर उडते, कुणाच्या गाठोड्यातून कोंबडी निघते आणि तीही शिंकायला लागते. आर्मेनियन आपल्या भाषेत देवाचं नाव घेतो, तीरकामठेवाले शेटजीचं घेतात. लोटा शेवटी शेटजीच्याच पडशीत निघतो, धोतरात गुंडाळलेला. दरवाजा करकरतो आणि सगळा जमाव एकदम बाहेर लोटतो, सिंदखेडा, थाळनेर, चोपडा, रावेर, जो तो आपापल्या मजलेचं नाव घेत.

तुमचा बैल चालू लागलाय आणि मागून भटियारीण धावत येते. खाटेचे पैसे राहिले! तुम्ही कनवटीतून बदाम काढता. ती ते तळहातावर घेऊन बघते, एक दाताखाली फोडते, थुंकते आणि मग तुमच्या सात पिढ्यांना सुरतेला परत पाठवते. हे इकडे चालत नाही. पैसे काढा. पैसे भरितात आणि द्राक्षांत गेले. ती तुमच्या बैलाची वेसण धरून उभी राहते, मागच्या गाडीवाले ओरडायला लागतात, आणि तिची नजर तुमच्या कमरेच्या पुरचुंडीवर पडते. नाकाजवळ नेऊन एकदाच वास घेते. "जा आता," म्हणते आणि इराणच्या सरदारालाही खूश करणारा तो तांदूळ खाटेच्या भाड्यात वळता करून सराईत परत जाते.